घोडा ऐकत नाही म्हणून दोनदा सोडलेला गेम

काल रात्री उशिरा शॅडो ऑफ द कलॉसस संपवला आणि अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय. आधीच सांगते, पुढे अगदी शेवटच्या सीनपर्यंत सगळं येणारे, त्यामुळे ज्यांना स्वतः खेळायचाय त्यांनी आत्ता वाचू नका, आधी खेळा, खरंच.

हा गेम पहिल्यांदा २००५ साली प्लेस्टेशन २ वर आला. दिग्दर्शक फुमितो उएदा, ज्यांनी त्याआधी २००१ मध्ये इको नावाचा गेम केला होता. माझ्याकडे आहे तो ब्लूपॉइंट या स्टुडिओने केलेला २०१८ चा रिमेक, प्लेस्टेशन ४ वरचा, आणि तो घेतल्यालाही आता बरीच वर्षं झाली. मध्ये कितीतरी गेम आले, खेळून झाले, हा मात्र जिथल्या तिथे. दर वेळी मनात यायचं की आत्ता नको, चार दिवस निवांत मिळाले की नीट खेळू, आणि ते चार दिवस काही येत नाहीत. त्यात या गेमबद्दल इतकं चांगलं ऐकलेलं की हात लावायचीच धास्ती वाटायला लागली होती, म्हणजे सगळ्यांना जे दिसलं ते आपल्याला नाहीच दिसलं तर काय. माझ्या धाकट्या भावाने तो दोनदा पूर्ण केलाय आणि तो कधीही घरी आला की पहिलं वाक्य हेच, "ताई, अजून नाही ना खेळलीस?"

खरं तर दोनदा सुरू केला होता. दोन्ही वेळा सोडला आणि दोन्ही वेळा कारण एकच, घोडा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते, तशी ती छोटीशीच आहे. वाँडर नावाचा मुलगा मोनो नावाच्या मृत मुलीला घोड्यावर घालून, जिथे पाऊल ठेवायलाही मनाई आहे अशा एका ओसाड प्रदेशात येतो. तिथल्या देवळात तिला वेदीवर ठेवतो. डॉर्मिन नावाचा एक आवाज, ज्यात बाईचा आणि पुरुषाचा सूर एकदमच येतो, त्याला सांगतो की देवळातल्या १६ मूर्ती फुटल्या तर ती कदाचित परत येईल, आणि मूर्ती फुटायच्या तर बाहेर हिंडणारे १६ महाकाय कलॉसस मारावे लागतील. याची मोठी किंमत मोजावी लागेल हेही सांगतो. वाँडर म्हणतो चालेल. एवढंच. वाटेत ना गाव, ना दुकान, ना किरकोळ शत्रू, ना कोणी बोलायला. एक तलवार, एक धनुष्य ज्याचे बाण कधी संपत नाहीत, आणि अ‍ॅग्रो नावाचा काळा घोडा. तलवार उन्हात वर धरायची, मग किरण इकडेतिकडे फाकलेले दिसतात, बरोबर दिशेला वळलं की ते सगळे गोळा होऊन एक झोत होतो, तिकडे निघायचं. सावलीत उभं राहून काही होत नाही, उन्हातच यावं लागतं, हे मला फार आवडलं.

तर घोडा. मी याआधी जेवढ्या गेममध्ये घोडा चालवला तेवढे सगळे घोडे गाडीसारखे होते, स्टिक डावीकडे केली की घोडा डावीकडे. अ‍ॅग्रो तसा नाहीच. स्टिक वळवली तरी तो एक क्षण आपल्याच तंद्रीत पुढे जातो, मग मान वळवतो, मग अंग. दगडाजवळ नेलं तर थांबतो. कड्याच्या टोकाशी नेलं तर पाय रोवून उभा राहतो आणि कितीही टाच मारा, ढिम्म. पहिल्या वेळी मी दुसऱ्या कलॉससच्या वाटेवरच वैतागून बंद केला. दुसऱ्या वेळी तिसऱ्यापर्यंत गेले. तो तळ्याच्या मधोमध एका उंच गोल चौथऱ्यावर असतो आणि तिथे पोहून, मग गोल चढणीवरून पळत जाऊन, एक उडी मारून कठडा पकडावा लागतो. मी तिथून इतक्या वेळा पाण्यात पडले की उद्या बघू म्हटलं, आणि तो उद्या यायला काही वर्षं गेली.

या वेळी ठरवून बसले. भावाला स्पष्ट सांगितलं की शेजारी बस पण एक शब्द बोलायचा नाही, मी तासभर अडकले तरी नाही. तो म्हणाला, "ताई, नाही बोलणार, पण तू पण मोबाइलवर शोधायचं नाहीस." मी कबूल झाले. आता वाटतं हा सगळ्यात चांगला सौदा होता. गेमची सगळी मजा समोर उभ्या असलेल्या त्या डोंगराएवढ्या देहाकडे बघत "आता याच्यावर चढायचं कुठून" असा विचार करण्यात आहे, आणि फारच वेळ लागला तर डॉर्मिन स्वतःच एखादा इशारा देतो, तेवढा पुरतो.

पहिला कलॉसस तसा सोपा. हातात गदेसारखं काहीतरी घेऊन चालतो, एकेक पाऊल पडतं तसा स्क्रीन हादरतो. पोटरीत तलवार खुपसली की गुडघ्यावर येतो, मग त्याच्या अंगावरची लव धरून वर. इथे एक बटण सतत दाबून धरायचं असतं, ते सोडलं की पकड सुटली. कोपऱ्यात ताकदीचं वर्तुळ हळूहळू आकसत जातं आणि तो अंग झाडायला लागला की चढता येत नाही, नुसतं लोंबकळत राहायचं आणि वाट बघायची. माझं बोट अक्षरशः दुखायला लागलं. गेम आहे, बटण जोरात दाबल्याने काही पकड घट्ट होत नाही हे माहीत असतं, तरी दाबतो आपण जोरात.

मग डोक्यावरची खूण सापडते, वार तिथेच करायचा असतो, तलवार वर उचलायची, पूर्ण ताकद येईपर्यंत थांबायचं आणि खाली. तीन-चार वारात तो पडला. मी "येस" म्हणून हात वर केले आणि तेवढ्यात संगीत बदललं, जिंकल्याचं नाही, कोणी गेल्यावर वाजावं तसं. को ओतानी यांचं संगीत आहे. एरवी घोड्यावरून जाताना जवळजवळ सगळी शांतता, वारा आणि टापा एवढंच, आणि मग अशा जागी ते नेमकं येतं. तो कलॉसस सावकाश कोसळला, त्याच्यातून काळ्या दोऱ्या निघाल्या आणि वाँडरच्या अंगात घुसल्या आणि तो देवळात बेशुद्ध पडलेला सापडला. माझे वर केलेले हात कधी खाली आले ते कळलं नाही. भाऊ शेजारी गप्प बसून होता.

तिसऱ्या कलॉससचा कठडा या वेळी पाचव्या की सहाव्या प्रयत्नात जमला. पण खरी गोष्ट बदलली ती त्यानंतर, एका अरुंद वाटेवर. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, वाट वळणावळणाची, आणि मी नेहमीसारखी स्टिकशी झटापट करतेय, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, अ‍ॅग्रो अडखळतोय. तेवढ्यात कंट्रोलर एका हातात धरून मी दुसऱ्या हाताने चष्मा सारखा करायला गेले. टाच मारायचं बटण तेवढं दाबलेलं होतं, स्टिकवर अंगठा नव्हता. आणि अ‍ॅग्रो वळला. आपला आपण. पुढचं वळणही घेतलं, त्याच्या पुढचंही, अगदी रुबाबात, जसा काही तो इतके दिवस हेच सांगत होता की मला दिसतंय, तू मध्ये मध्ये करू नकोस.

मी थांबले, मागे गेले आणि तीच वाट परत केली, मुद्दाम अंगठा काढून. परत तेच. मी भावाकडे बघितलं तर तो हसत होता, म्हणजे त्याला आधीपासून माहीत होतं आणि ठरल्याप्रमाणे तो बोलला नव्हता.

तिथून पुढे मांड बसली म्हणतात तसं झालं. मी दिशा तेवढी दाखवायची, बाकी त्याच्यावर. लगाम सैल सोडला की घोडा चांगला पळतो हे ऐकलेलं होतं पण ते एका गेममध्ये अंगठ्याला कळेल असं वाटलं नव्हतं. या गेमच्या कंट्रोल्सबद्दल खूप जणांची तक्रार असते आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत मलाही पटते, लढताना मध्येच तो भलतीकडे वळतो आणि आपण समोरचं सोडून आभाळ बघत बसतो. पण घोड्याबद्दल मी आता कोणाचं ऐकणार नाही. तो मुद्दाम तसा बनवलाय. त्याला स्वतःचं डोकं दिलंय, आणि ते डोकं आहे म्हणूनच पुढे जे होतं ते लागतं.

पाचवा कलॉसस पक्षी आहे, तळ्यावर घिरट्या घालणारा. बाण मारला की तो आपल्यावर झेप घेतो आणि नेमक्या क्षणी उडी मारून त्याला धरायचं, की थेट आभाळात. वाऱ्याचा आवाज, खाली पाणी, आणि मी पंखाच्या टोकापर्यंत पळतेय. मी खेळलेल्या सगळ्या गेममधला हा एक सगळ्यात सुंदर प्रसंग, यावर जास्त काय लिहू, लिहून तो येत नाही. सहावा, सातवा बरे झाले. आठव्याला आणि नवव्याला वेळ लागला पण ते सांगण्यासारखं नाही.

दहावा मात्र सांगायलाच हवा. वाळूने भरलेली एक मोठी बंदिस्त जागा आणि वाळूखालून सरपटणारा प्रचंड किडा. पायी गेलं तर काही चालत नाही, घोड्यावरूनच. तो मागे लागतो, वाळूतून डोकं वर काढतो, डोळे उघडे असतात, आणि आपण दौडत्या घोड्यावरून मागे वळून त्या डोळ्यात बाण मारायचा. मागे वळून म्हणजे पुढचं काही दिसत नाही. पुढे खडक आहे, भिंत आहे, काही कळत नाही.

सात-आठ वेळा तरी मेले. आणि दर वेळी मरण्याचं कारण एकच, नेम धरला की मला राहवायचं नाही, एक क्षण पुढे बघून घेऊ, भिंत तर नाही ना आली, म्हणून मी नेम सोडायचे, कॅमेरा पुढे, आणि तेवढ्यात मागून धडक. अ‍ॅग्रो आडवा, मी आडवी. नेम धरलेला असताना स्टिक बाणाची असते, घोड्याची नसते, म्हणजे तसंही मी काही करू शकत नव्हते, तरी बघायचे. मग एकदा मी ठरवलं की आपटू दे, पण पुढे बघायचं नाही. बटण दाबून ठेवलं, मागे वळले, धनुष्य ताणलं. खालून टापा एका लयीत. एकदा जाणवलं की लय किंचित बदलली, तो कशाला तरी वळसा घालत होता, कशाला ते मी बघितलं नाही. किड्याचं डोकं वर आलं, डोळा उघडला, बाण सोडला आणि लागला. तो आंधळा होऊन सरळ जाऊन भिंतीवर आदळला आणि तिथेच अडकला, मग पळत जाऊन त्याच्यावर चढायचं. ते पुढचं मला नीट आठवतही नाही. आठवतं ते हे की सगळं संपल्यावर पुढच्या मोहिमेवर निघताना मी आधी अ‍ॅग्रोला थोपटलं. गेममध्ये तशी सोय आहे, त्याने फायदा काहीच होत नाही, ताकद वाढत नाही, काही नाही. नुसतं थोपटता येतं.

उएदांच्या मनात सुरुवातीला ४८ कलॉसस होते, मग २४ झाले आणि शेवटी १६ राहिले. मला वाटतं बरं झालं, कारण प्रत्येकाचं वजन जाणवतं आणि पुढे पुढे ते सहन होईना. अकरावा आकाराने लहान आहे, आगीला भितो. पेटती काठी घेऊन त्याला मागे मागे रेटत कड्यापर्यंत न्यायचं. तो मागे सरकत असतो, अंग चोरून, आणि आपण पुढे जात राहतो. तेरावा त्याहून वाईट. वाळवंटावरच्या आभाळात एक लांबच लांब देह तरंगतोय, कोणाला काही करत नाहीये, मलाही नाही, एकदाही हल्ला केला नाही त्याने. पोटाखालच्या हवेच्या पिशव्या बाणाने फोडायच्या की तो खाली येतो, त्याचे पंख वाळूत घासत जातात, आणि अ‍ॅग्रोला त्याच्या बरोबरीने पळवत नेऊन, खोगिरावर उभं राहून पंखावर उडी घ्यायची. करताना इतका आनंद झाला की काय सांगू, वारा, वाळू, तो वेग, घोडा एकटाच खाली पळतोय आणि मी वर. आणि तो पडला तेव्हा मी भावाला म्हटलं, "याने काय केलं होतं रे?" तो म्हणाला, "काहीच नाही ताई." त्या रात्री पुढे खेळले नाही. वाँडरचा चेहराही तोवर पांढराफटक पडलेला असतो, अंगावर काळ्या रेषा आलेल्या असतात. हे इतकं हळूहळू होतं की मला तेराव्यापर्यंत नीट लक्षातच आलं नव्हतं.

काल शेवटचा, सोळावा. लांबची वाट आहे. एका बंद दरवाज्यापाशी तलवार उचलून धरली की तो उघडतो आणि पुढे एक जुनाट पूल. मी अ‍ॅग्रोला दौडत घातलं. अंगठा नव्हता स्टिकवर, आता सवयच झाली होती. मागून पूल कोसळायला लागला, दगड सुटायला लागले आणि शेवटच्या टप्प्यात अ‍ॅग्रोने वाँडरला पुढे फेकलं. वाँडर पलीकडे पडला. अ‍ॅग्रो दगडांबरोबर खाली गेला.

वाँडर काठाशी येऊन हाक मारतो. मग कंट्रोलर परत आपल्या हातात येतो. मी त्याला बोलवायचं बटण दाबलं. परत दाबलं. मला माहीत होतं कोणी येणार नाही, तरी थोडं पुढे जाऊन परत दाबलं. ज्या घोड्याने एका वळणावर माझं ऐकलं नाही म्हणून मी हा गेम दोनदा बंद केला, तो त्या पुलावरही मला न विचारताच जे करायचं ते करून गेला.

सोळावा कलॉसस वादळात उभा आहे, एखाद्या बुरुजासारखा. तो लांबून आगीचे गोळे फेकतो, आपण खंदकातून, भुयारातून पळत त्याच्या पायाशी जायचं आणि मग तासभर वर. मला एका तासात जमलं नाही, जास्त लागला. त्याच्या हातावरून दोनदा पडले. पण राग असा आला नाही, एकटं असल्याची जाणीव मात्र सतत होती, आणि ती नुसती गोष्टीत नव्हती, खेळताना हातालाही कळत होती, कारण पडल्यावर उठून हाक मारावी असं कोणी नव्हतं.

तो पडला आणि मग सगळं फार भराभर होतं. एमॉन नावाचा एक मांत्रिक त्याची माणसं घेऊन देवळात येतो, वाँडरला मारतात, डॉर्मिन त्याच्या अंगातून उठतो, थोडा वेळ आपणच ते काळं प्रचंड शरीर चालवतो, सावकाश, जड, आणि खाली माणसं इकडेतिकडे पळतायत. आत्तापर्यंत १६ जणांना मी खालून बघितलं होतं, आता मी वरून बघत होते. मग एमॉन तलवार देवळातल्या कुंडात टाकतो आणि सगळं तिकडे खेचलं जायला लागतं, वाँडर परत छोटा होतो आणि इथे गेम कंट्रोल काढून घेत नाही. तुम्ही पळू शकता, पायरी धरू शकता. मी धरली. तेच बटण, जे पहिल्या कलॉससपासून दाबत आलेय. बोट दुखेपर्यंत धरलं, थोडं पुढे सरकले, परत मागे घसरले, परत धरलं. मोनो तिथे वेदीवर होती, फार लांब नव्हती. किती वेळ गेला माहीत नाही, भाऊ शेवटी हळूच म्हणाला, "ताई, सोड." गेमभर बोलायचं नाही हा नियम त्याने तिथे एकदाच मोडला.

मी सोडलं.

मोनो उठते. ती उठून बसते आणि त्या रिकाम्या देवळात टापांचा आवाज येतो, पण लय चुकीची. अ‍ॅग्रो येतो, मागचा एक पाय मोडलाय, लंगडत लंगडत. मी रडले, अगदी आवाज येईल असं. भाऊही, दोनदा बघून झालेलं असूनही. अ‍ॅग्रो तिला कुंडापाशी नेतो, तिथे शिंगं असलेलं एक तान्हं बाळ आहे, आणि तिघं वर एका हिरव्या बागेत जातात. एवढंच दाखवतात. त्या बाळाबद्दल आणि शिंगांबद्दल भाऊ रात्री अडीचपर्यंत बोलत होता, इको खेळ मग कळेल म्हणाला, तो आता यादीत सगळ्यात वर टाकलाय.

आज सकाळी चहाआधीच गेम परत सुरू केला, पहिल्यापासून. पुन्हा तो लांब पूल, पुन्हा देऊळ, पुन्हा १६ च्या १६ मूर्ती शाबूत. डॉर्मिन बोलून झाला, पहिल्या कलॉससकडे जा म्हणाला. मी तलवार काढली नाही. अ‍ॅग्रोला तिथेच ठेवून एकटीच पायऱ्या उतरून गवतात बरीच लांब गेले, मागे वळले आणि ते बटण दाबलं. वाँडरने हाक मारली. क्षणभर काहीच नाही, मग टापा ऐकू आल्या, चारी पायांच्या.